मैदान, वेळ आणि अधिकार

(पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव यांच्या पंगतीत लोकांच्या व्यायामाचा विषय बसलेला पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. व्यायाम ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे, दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय, असा आक्षेप आपल्या चळवळीत पूर्वीपासून घेतला जातो. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. तीत चालणे, सायकल चालविणे, खेळणे, कष्टाचे काम करणे हे सारे येते. या संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ २०२२ साली एवढीही हालचाल करीत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. म्हणजे दोन दशकांत ते दुपटीहून अधिक वाढले. पुरुषांत ते ४२ टक्के आहे, तर स्त्रियांत ५७ टक्के. याला जोडूनच दुसरा आकडा लक्षात घ्यावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे असल्याचे सांगितले. ज्या देशात औषधपाण्याच्या खर्चाचा मोठा भाग रोग्याला स्वतःच्या खिशातून करावा लागतो, त्या देशात आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागणारा रोग हा कुटुंबाच्या अंदाजपत्रकातील कायमचा खड्डा असतो. हा प्रश्न केवळ श्रीमंतांचा राहिला नाही, तो कधीच आपल्या वस्तीत येऊन पोहोचला आहे.

आता त्या आक्षेपाकडे वळतो. कष्टकऱ्याच्या अंगाला पुरेशी हालचाल असते, मग त्याला आणखी काय हवे? आरोग्यशास्त्राच्या अलीकडच्या अनेक अभ्यासांतून असे पुढे आले आहे की, कामाच्या ठिकाणची अवजड मेहनत आणि फावल्या वेळातील व्यायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो. हमालाच्या पाठीवर पोते असते. ते किती वेळ वाहावयाचे, केव्हा उतरावयाचे, केव्हा विसावा घ्यावयाचा हे त्याच्या हाती नसते. तीच तीच हालचाल तासन् तास करणाऱ्या बाईचे गुडघे आणि कंबर झिजते, छातीला मात्र त्यापासून बळ मिळत नाही. शिवाय सारेच श्रमिक आज अंगमेहनत करतात असेही नाही. इमारतीच्या दाराशी बारा तास खुर्चीवर बसणारा पहारेकरी, दिवसभर रिक्षा चालविणारा, शिलाई यंत्रावर वाकून बसलेली स्त्री, हे आजचे कामगार आहेत. त्यांचे शरीर थकते, पण हलत नाही. थकवा आणि व्यायाम यांतील हा भेद आपण ओळखला पाहिजे. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या आनंदासाठी शरीर हलविण्याची सवड ज्याला आहे तो एका वर्गातला, आणि दुसऱ्याच्या नफ्यासाठी शरीर झिजविणारा दुसऱ्या वर्गातला. आपला प्रश्न या सवडीच्या विषम वाटपाचा आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर व्यायामाला तीन गोष्टी लागतात: वेळ, जागा आणि या दोहोंचा वापर कसा करावयाचा हे ठरविण्याचा अधिकार. इच्छाशक्ती चौथी. परंतु शासनाच्या साऱ्या मोहिमा चौथीपासून सुरू होतात आणि तेथेच संपतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'फिट इंडिया' मोहिमेचे उद्घाटन झाले. लोकांनी तंदुरुस्त राहण्याच्या शपथा घेतल्या. शपथ घ्यावयास काहीच खर्च येत नाही. मैदान राखावयास येतो.

वेळेचा विचार करताना नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांची प्रचंड सभा भरवून त्यांनी रविवारच्या सुटीची मागणी केली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये मालकांना ती मान्य करावी लागली. आठवड्याचा एक दिवस कामगाराच्या स्वतःच्या मालकीचा झाला, तो उपदेशाने नव्हे, संघटनेने. त्यानंतर १३५ वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे सांगण्यात येते. परंतु बारा तास काम आणि जाण्यायेण्याचे दोन-तीन तास जमेस धरल्यावर त्या माणसाने मैदानावर केव्हा जावयाचे, याचे उत्तर कोणीही दिलेले नाही. स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. शासनाच्याच २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरातील बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. स्त्रियांतील ५७ टक्क्यांचा आकडा आणि हा २८९ मिनिटांचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आळसाचे स्पष्टीकरण तेथेच गळून पडते.

जागेच्या बाबतीत मुंबईच्या गिरणगावाइतका बोलका दाखला दुसरा नाही. लालबाग-परळच्या चाळींतून व्यायामशाळा उभ्या राहिल्या, गल्लीगल्लीत कबड्डीचे संघ झाले, गिरण्यांचेही संघ असत. कोणत्याही योजनेशिवाय, वर्गणीच्या जोरावर, कामगारांनी आपल्यासाठी उभारलेली ती व्यवस्था होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी या जमिनीची तीन वाट्यांत विभागणी सुचविली होती: एक वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमात फेरफार करून ही विभागणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित करण्यात आली. २००५ साली उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, परंतु २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. मैदानांसाठी मिळू शकणाऱ्या जमिनीचा फार मोठा भाग अशा रीतीने एका दुरुस्तीच्या फटकाऱ्याने नाहीसा झाला. २०१४ साली व्यावसायिक कबड्डीचे सामने दूरचित्रवाणीवर झळकू लागले. जो खेळ कामगारांच्या गल्लीत वाढला तो विकाऊ माल झाला, आणि ज्या गल्लीत तो वाढला तेथे खेळावयास जागा उरली नाही.

येथे 'भागीदारी' या सध्या लोकप्रिय असलेल्या शब्दाची तपासणी केली पाहिजे. शासन एकटे सारे करू शकत नाही, म्हणून स्थानिक संस्था, कंपन्या, नागरिक यांनी भागीदार व्हावे, असे सांगण्यात येते. तत्त्वतः याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. समाजवाद म्हणजे सारे काही मंत्रालयातून चालविणे नव्हे, हे आपण नेहमी म्हणत आलो आहोत. परंतु प्रत्येक भागीदाराने काय आणले आणि काय नेले, हा व्यवहाराचा पहिला प्रश्न असतो. मुंबई महापालिकेने मैदाने व उद्याने देखभालीसाठी खाजगी संस्थांना 'दत्तक' देण्याचे धोरण अनेक वर्षे राबविले. त्यांतील काही भूखंडांवर सभासदांपुरतेच क्लब उभे राहिले, काही ठिकाणी राजकीय पुढाऱ्यांच्या संस्थांनी तळ ठोकला. २०१६ च्या जानेवारीत नवे दत्तक धोरण संमत होताच नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली आणि दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याचे आदेश निघाले. लोकांनी जमीन आणली, संस्थेने कुंपण आणले. याला भागीदारी म्हणता येत नाही.

कंपन्यांच्या बाबतीतही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत खेळ आहेत; परंतु कसे आहेत? ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिंपिक व पॅरालिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणाला उत्तेजन देणे, असे शब्द आहेत. पदक मिळविणारा खेळाडू तीत बसतो. संध्याकाळी अर्धा तास चालू इच्छिणारी विडी कामगार बाई त्या यादीत सहज सापडत नाही.

मग खरी भागीदारी कशी असते? तिचा नमुना शोधावयास दूर जाण्याची आवश्यकता नाही. कोल्हापूरच्या तालमींकडे पाहा. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून घेतले. परंतु तालीम जगली ती पेठेच्या बळावर. जागा समाजाची, वर्गणी घरोघरची, देखरेख वस्तादाची आणि शिस्त पेठेची. पुढे याच तालीम मंडळांनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे आजही तेथील मैदान भरवितात. पुढे कुस्ती शिकणाऱ्यांची संख्या रोडावली तरी तालीम टिकली, कारण ती केवळ व्यायामाची जागा नव्हती. उत्सव, भांडणतंटा, महापुराच्या वेळची मदत हे सारे तिच्याशी जोडलेले होते. जी संस्था लोकांच्या इतर गरजांशी जोडलेली असते तीच व्यायामालाही टिकवून धरते, हा त्यातील धडा आहे.

याच मातीत खाशाबा जाधव घडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा नव्हता. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, पण तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जेथे एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागते तेथे समाजाने आपला वाटा उचललेला असतो, शासनाने उचललेला नसतो. लोकांच्या त्यागावर शासनाने आपली जबाबदारी ढकलावी, यालाही भागीदारी म्हणता येणार नाही.

तालमीचे गुणगान करताना तिची उणीव झाकता कामा नये. तालमीच्या उंबऱ्याच्या आत स्त्रीला जागा नव्हती. या बाबतीत राष्ट्र सेवा दलाचा वारसा आपल्याला अधिक जवळचा आहे. १९४१ पासून सेवा दलाच्या शाखेवर मुलगे आणि मुली, सर्व जातींचे आणि धर्मांचे, एकत्र खेळले, लेझीम खेळले, कवायत केली. फार थोड्या साधनांत ते घडले. एक मोकळी जागा, एक शिट्टी आणि रोज ठरल्या वेळी येणारा शाखानायक एवढेच भांडवल होते. आज आपल्यातले अनेक जण शाखेच्या आठवणी काढतात. परंतु आठवणींवर शाखा भरत नाही.

परदेशांतील दोन दाखले येथे उपयोगी पडतील. कोलंबिया देशाची राजधानी बोगोता येथे १९७४ च्या डिसेंबरात सायकलप्रेमी नागरिकांनी मोटारींच्या वाढत्या वर्चस्वाविरुद्ध निदर्शन म्हणून काही तास प्रमुख रस्ते ताब्यात घेतले. १९७६ साली नगरप्रशासनाने त्याला अधिकृत रूप दिले. आज दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत शहरातील शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते मोटारींना बंद आणि माणसांना खुले असतात. १९९५ पासून उद्यानांत विनामूल्य सामूहिक व्यायामाचे वर्गही चालतात आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. यातील अर्थशास्त्र लक्षात घ्या. नवी जमीन विकत घेतली गेली नाही. असलेल्या सार्वजनिक मालमत्तेच्या वेळेचे फेरवाटप झाले. आणि सुरुवात नागरिकांच्या आंदोलनाने झाली तरी खर्च व जबाबदारी नगरसंस्थेने घेतली, म्हणून महापौर बदलले तरी उपक्रम टिकला.

दुसरा दाखला इंग्लंडचा. तेथील क्रीडासंस्था 'स्पोर्ट इंग्लंड' हिने २०१७ साली बारा ठिकाणे निवडली आणि तेथे सुमारे दहा कोटी पौंड खर्च करण्याचे ठरविले. त्यांत भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेले साउथॉलही होते. वरून तयार कार्यक्रम पाठविण्याऐवजी नगरपरिषद, दवाखाने, शाळा, प्रार्थनास्थळे आणि रहिवासी यांनी मिळून आपल्या वस्तीत लोक घराबाहेर का पडत नाहीत हे आधी शोधावे, अशी कल्पना होती. कल्पना उत्तम आहे. परंतु त्याच देशात २०१० नंतर काटकसरीच्या धोरणाने नगरपरिषदांचा निधी कापला गेला आणि अनेक सार्वजनिक पोहण्याचे तलाव बंद पडले, हेही विसरू नये. एका हाताने भागीदारीसाठी अनुदान आणि दुसऱ्या हाताने तलावाला कुलूप, असा हा व्यवहार आहे. भागीदारी ही सार्वजनिक खर्चाला पूरक असते, पर्याय नसते.

आपल्याकडे कायद्याचा आधार नाही असे नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हे नगरसंस्थांचे विषय म्हणून नोंदविले आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाला परत देण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. कायदा आहे, त्याचा पाठपुरावा करणारी स्थानिक संघटना नाही. २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे मुंबईसह राज्यातील अनेक महापालिकांचा कारभार निवडून आलेल्या सभागृहाविना प्रशासकांनी चालविला. त्या काळात मैदानाच्या प्रश्नावर नागरिकाने कोणाच्या दारात जावयाचे हाही प्रश्नच होता.

म्हणून मी कार्यकर्त्यांपुढे काही निश्चित कामे ठेवू इच्छितो.

पहिले काम मोजणीचे. आपल्या प्रभागात किंवा गावात विकास आराखड्याप्रमाणे अथवा सातबाराप्रमाणे किती मैदाने आहेत, प्रत्यक्षात किती शिल्लक आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत, याची यादी करा आणि ती चौकात लावा. आपले काय होते हे लोकांना कळल्याशिवाय काय गेले हेही कळत नाही.

दुसरे काम कुलूप उघडण्याचे. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांची मैदाने सकाळी व संध्याकाळी रिकामी असतात. मुख्याध्यापकांना भीती असते ती मोडतोडीची आणि दारूच्या बाटल्यांची. ती भीती खोटी नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समिती, परिसरातील मंडळ आणि स्थानिक संस्था यांनी लेखी करार करावा: उघडण्याची वेळ कोणती, जबाबदार कोण, दिव्याचे बिल कोण भरणार. मोघम सद्भावनेपेक्षा एक पानाचा करार अधिक टिकतो.

तिसरे काम स्त्रियांच्या वेळेचे. बचत गट, आशा सेविका आणि अंगणवाडी यांच्याशी बोलून मैदानाची एक ठरावीक वेळ स्त्रियांसाठी राखली जावी, तेथे उजेड आणि स्वच्छतागृह असावे. मुलांना सांभाळण्याची सोय त्याच वेळी त्याच जागी व्हावी. एरवी ती बाई येणार नाही. आणि साथींनो, त्या अर्ध्या तासात घरातील भाकरी कोणी भाजावयाची, हा प्रश्न आपण आपल्याच घरात प्रथम सोडविला पाहिजे. ज्याच्या घरी तो सुटलेला नाही त्याने या विषयावर सभा घेऊ नये.

चौथे काम मोबदल्याचे. मैदानावर रोज येणाऱ्या प्रशिक्षकाला, मग तो तालमीतला वस्ताद असो की कबड्डी खेळलेली मुलगी असो, नगरसंस्थेने मानधन द्यावे. स्वयंसेवक उत्साहाने सुरू करतो, पण पोटाची सोय नसली की वर्षभरात थांबतो. गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आहे. तिच्या बैठकीत हा विषय मांडता येईल.

पाचवे काम कामगार संघटनांचे. मागण्यांच्या मसुद्यात कामाचे तास आणि जाण्यायेण्याचा वेळ हे आरोग्याचे प्रश्न म्हणून मांडले जावेत. लोखंड्यांनी मागितलेला रविवार हा आपल्या चळवळीचा आरोग्यविषयक पहिला जाहीरनामा होता, असे मी मानतो.

या पाचही कामांना एक अट आहे. मैदानाची मालकी सार्वजनिक राहिली पाहिजे, प्रवेश विनामूल्य राहिला पाहिजे आणि निर्णय घेणाऱ्या समितीत त्या मैदानाचा वापर करणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, बहुमत असले पाहिजे. एखादी कंपनी दिवे देत असेल तर घ्यावेत. तिच्या नावाची कमान घेऊ नये. एखादा आमदार निधी देत असेल तर तो जनतेचाच पैसा आहे, तोही घ्यावा. मैदानाची किल्ली मात्र त्याच्या कार्यकर्त्याकडे जाऊ देऊ नये. आपल्याही नव्हे.

शरीर ही गरिबाची एकमेव भांडवली मालमत्ता आहे, असे आम्ही वर्गात शिकवीत असू. ते विधान आज मला अपुरे वाटत नाही, पण अर्धे वाटते. भांडवल म्हणून शरीराचा विचार मालकही करतो. समाजवाद्याने त्याच्या पुढे गेले पाहिजे. माणसाला धावावेसे वाटते, खेळावेसे वाटते, दमून गवतावर पडावेसे वाटते. हे सुख विकत घ्यावे लागू नये, एवढी साधी मागणी आहे. ती पुरी करण्यासाठी क्रांतीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या महिन्यात आपापल्या वस्तीतील एका शाळेचे कुलूप उघडून दाखवा, आणि पुढच्या अभ्यासवर्गात त्याचा हिशेब मांडा. मी ऐकावयास येईन.